पुस्तक उघडं ठेवून परीक्षा : होशंगाबादचे दिवस



हल्ली आपल्या इंदुरात कुठल्याही शाळेची जाहिरात बघा, 'ॲक्टिव्हिटी' हा शब्द असतोच. मुलं करून बघतात, गटात बसतात, प्रश्न विचारतात, हे जणू कालपरवाच परदेशातून आलं! आपल्याच मध्य प्रदेशात, नर्मदाकाठी, सरकारी मिडल स्कूलमध्ये हे पन्नास वर्षांपूर्वी झालंय, तेही टाटपट्टीवर बसणाऱ्या मुलांबरोबर. नव्या पिढीला ठाऊक नसेल म्हणून लिहितो.

१९७२ साली होशंगाबाद (आता नर्मदापुरम्) जिल्ह्यातल्या १६ शाळांत सहावी ते आठवीचं विज्ञान नव्या तऱ्हेने शिकवायला सुरुवात झाली. पुढाकार दोन संस्थांचा, किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले. मागोमाग तिथले शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक मदतीला येऊ लागले. १९७८ मध्ये सरकारने जिल्ह्यातल्या सगळ्या मिडल शाळांत हा कार्यक्रम लागू केला. १९८२ मध्ये 'एकलव्य' संस्था निघाली आणि तिने तो पुढे सांभाळला.

माझी होशंगाबाद शाखेत बदली झाली ती १९७९ ला. आमची सौ. बी.एस्सी., सरकारी शिक्षिका. तिलाही जवळच्या गावातली मिडल शाळा मिळाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवड्यांचं प्रशिक्षण लागलं, इंदूरला जाणं रद्द. तिथे शिक्षकांनाच विद्यार्थी करायचे. चौघांची एक टोळी, प्रयोग करा, आकडे लिहा, आपसात भांडा. प्राध्यापक उत्तर सांगायचेच नाहीत. पहिला आठवडा ती नुसती वैतागलेली होती. दुसऱ्या आठवड्यात घरातल्या वाट्या, सुतळी, लिंबं गायब व्हायला लागली तेव्हा मी ओळखलं की गोडी लागली.

मुलांचं पुस्तक 'बाल वैज्ञानिक'. त्यात तयार उत्तरं नाहीत, पाठ करायच्या व्याख्या नाहीत. असं करा, काय दिसलं, का झालं असेल, एवढंच. उत्तर मुलांनी आपापल्या वहीत लिहायचं. साहित्य सगळं स्वस्तातलं. चिरफाडीच्या सुईऐवजी बाभळीचा काटा. सायकलच्या वाल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन त्यात काडेपेटीच्या काड्या खोचायच्या की झाले त्रिकोण, चौकोन, घर. हा काड्यांचा खेळ अरविंद गुप्तांचा. पुण्याला टेल्कोत नोकरीला असताना १९७८ मध्ये ते वर्षभराची रजा घेऊन इकडे आले होते. पुढे आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेमुळे पुण्यात त्यांचं नाव घरोघरी झालं, पण काड्यांचं बाळंतपण आमच्याकडचं, बरं का.

एका शनिवारी शाखा लवकर सुटली म्हणून मी तिच्या वर्गात डोकावलो. एकच टेबल सगळ्या टोळ्यांनी मापलेलं आणि फळ्यावर आठ वेगळे आकडे. बँकेत एका पैशाचा फरक आला तर आम्ही रात्री दहापर्यंत लेजर उलटायचो! मी सौ.ला हळूच विचारलं, खरं माप कोणतं? तिच्या आधी सहावीतली एक मुलगी बोलली, "इनकी सुतली ढीली थी साब, इसलिए ज़्यादा आया." मग कुठला आकडा धरायचा, कुठला सोडायचा, सरासरी का काढायची, यावर अर्धा तास कलकलाट. आमच्याकडे फरक म्हणजे गुन्हा, इथे फरक हाच धडा होता.

पण सगळं गोडगोड नव्हतं. माझा पुतण्या आमच्याकडे राहून तिच्याच शाळेत शिकत होता. दादांची पत्रं यायची, "पोर दिवसभर खेळतं म्हणे, नववीत काय करणार?" दादांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही, कारण नववीत जुनीच पद्धत होती. आठवी करून तो इंदूरला गेला. तिमाहीत विज्ञानात काठावर पास. "सर, करून बघू या का?" असं विचारलं म्हणून एकदा वर्गाबाहेर उभा राहिला. वर्षअखेर सावरला, पण वहिनी पुष्कळ दिवस सौ.शी तुटक बोलत होत्या.

आता माझं मत. हा कार्यक्रम काड्या आणि काट्यांवर चालला नाही. तो परीक्षेवर चालला. आठवीची परीक्षाच बदलली होती. पुस्तक आणि वही उघडी ठेवून लेखी पेपर, शिवाय प्रयोगाची वेगळी परीक्षा. आम्ही बँकवाले जाणतो, इन्स्पेक्शनमध्ये जे विचारतात तेच स्टाफ सांभाळतो. त्यात दर महिन्याला शिक्षकांची बैठक, तिथे अडचणी बोलायच्या. आणि मुलांना वर्गात न सुटलेले प्रश्न 'सवालीराम'ला पत्राने विचारता यायचे. हा सवालीराम काल्पनिक, पण उत्तर खरंच यायचं. खेड्यातल्या पोराच्या नावावर पत्र! घरचे सगळे जमून वाचायचे.

२००२ मध्ये सरकारने हे सगळं बंद केलं. तोवर कार्यक्रम हजाराच्या आसपास शाळांत पोचला होता. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी निषेध केला, उपयोग झाला नाही. गंमत बघा, तीनच वर्षांनी, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात घोकंपट्टी सोडा, शाळेतलं ज्ञान बाहेरच्या आयुष्याशी जोडा असं छापून आलं. समितीचे अध्यक्ष यशपाल, म्हणजे होशंगाबादच्या कामाला सुरुवातीपासून पाठबळ देणारे.

आज नातीच्या शाळेत 'ॲक्टिव्हिटी' असते तेव्हा आदल्या रात्री तिची आई थर्मोकोल कापत बसते, आणि पेपरात व्याख्याच विचारतात. सौ. बघते आणि चष्मा पुसते, बोलत काही नाही.

तिची 'बाल वैज्ञानिक'ची तिन्ही पुस्तकं घर बदलताना वाळवीने खाल्ली. इटारसी, पिपरिया, हरदा, सोहागपूरकडच्या कुणा मराठी घरात जुनी प्रत किंवा सवालीरामचं पत्र शिल्लक असेल तर कृपया फोटो टाका. सौ.ला दाखवायचाय.