दक्षिण मराठा घोडदळ आणि पागेचा दरवाजा

करवीर नगरीच्या उत्तरेस पंचगंगेच्या तीरी वसलेला कसबा बावडा राजर्षी शाहू छत्रपतींच्या जन्माने पावन झाला, हे सर्वश्रुत आहे. परंतु महाराजांच्या जन्मापूर्वी सतरा वर्षे, म्हणजे १८५७ साली, या परिसरात घोड्यांच्या टापा व बंदुकांचे बार घुमले होते. त्या प्रसंगाची आठवण आज थोड्यांनाच असेल.

शिवकाळापासून मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा तो बारगीर व स्वतःचे घोडे-हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार. राज्ये खालसा झाली तशी शिलेदारांची चाकरीही गेली. १८४४ साली करवीर राज्यातील गडकऱ्यांनी आपली वतने जाताच सामानगड, भुदरगड व पन्हाळ्यावर बंड केले. ते इंग्रजांनी मोडले. पुढे १८५० च्या सुमारास या मुलखात इंग्रजांनी 'दक्षिण मराठा हॉर्स' ही पलटण उभी केली. पद्धत आपलीच, शिलेदारीची. घोडे व हत्यार स्वाराचे, सरकारने फक्त दरमहा पगार द्यायचा. घोड्यावर बसणे हाच ज्यांचा पिढीजात धंदा, त्यांना पोटासाठी दुसरा मार्ग तो कोणता?

३१ जुलै १८५७ रोजी कोल्हापुरातील २७ व्या देशी पायदळ पलटणीने उठाव केला. ही खबर साताऱ्यास पोहोचताच लेफ्टनंट केर हा पन्नास स्वार घेऊन निघाला. भर पावसाळ्यात, दुथडी भरलेल्या नद्या पोहून, सुमारे ७५ मैलांची मजल या स्वारांनी एका दिवसाच्या आसपास मारली.

उठावातील काही शिपाई शहराबाहेरील एका मजबूत पागेत ठाण मांडून बसले होते. ऑगस्टमध्ये केरने स्वारांना पायउतार केले. हाती पहार घेऊन तो पुढे झाला आणि त्याच्या बरोबरीने पहार घेऊन गणपतराव देवकर हा स्वार पुढे झाला. दोघांनी दरवाजा फोडला. आतील शिपाई शेवटपर्यंत लढले. कोणी पडले, कोणी जखमी झाले, कोणी पकडले गेले. या झुंजीत गणपतरावाने केरचे प्राणही वाचविले.

या कामगिरीबद्दल केरला १८५८ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गणपतरावाला तो मिळणे शक्यच नव्हते. हिंदी शिपायास हे पदक देण्याचा नियमच १९११ पर्यंत नव्हता.

डिसेंबर १८५७ मध्ये शहरात पुन्हा उठाव झाला. तोही दडपला गेला व चिमासाहेब महाराजांना कराचीस बंदिवासात पाठविण्यात आले. तेथेच त्यांचा अंत झाला. हलगली व नरगुंदच्या उठावांवरही हेच घोडदळ धाडले गेले. पुढे थोड्याच वर्षांत ही पलटण मोडण्यात आली. १८१७ साली उभी राहिलेली पूना हॉर्स मात्र आजही भारतीय लष्करात मानाने उभी आहे.

पागेच्या त्या दरवाजाच्या आत आपलेच लोक होते आणि बाहेर पहार घेऊन उभा असलेलाही आपलाच होता. एकाने प्राण दिला तो स्वातंत्र्यासाठी, दुसऱ्याने खाल्ल्या मिठाला जागून शौर्य गाजविले, पण ते परक्याच्या पदरी पडले. शौर्य आपल्यात कधीच उणे नव्हते. उणी होती ती एकी. मंदिराचा दगड न् दगड एकजुटीने बसविणाऱ्या गावाने एवढा बोध ध्यानी ठेवावा.