नको असलेले कापड जाते कुठे? देवळीच्या कापसापासून परळच्या होळीपर्यंत (थ्रेड)

वर्धा जिल्ह्यातील देवळी हे नाव इतिहासाच्या अभ्यासकाला प्रथम भेटते ते एका ताम्रपटामुळे. शके ८६२, म्हणजे इ.स. ९४० मधील, राष्ट्रकूट सम्राट तिसऱ्या कृष्णाचा हा दानलेख. नागपूर-नंदिवर्धन प्रदेशातील एका गावाचे दान त्यात कोरलेले आहे. तांबे हजार वर्षांहून अधिक काळ टिकले. ते दान देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या अंगावर काय होते, याचा मात्र एक धागाही शिल्लक नाही.

याला केवळ हवामान कारणीभूत नाही. कापड नष्ट होते, कारण ते शेवटच्या धाग्यापर्यंत वापरले जाते. म्हणूनच टाकून दिलेल्या, दिल्या-घेतल्या गेलेल्या कपड्यांचा इतिहास बहुधा लिहिलाच जात नाही. आज कपाट आवरणे हा दिवाळीपूर्वीचा किरकोळ उद्योग वाटतो. परंतु नको झालेल्या कपड्यांचे काय करावे, या एका प्रश्नावर १९२१ मध्ये गांधी आणि रवींद्रनाथ ठाकूर यांच्यात जाहीर वाद झाला होता. त्या वादाचे धागे वर्ध्याच्या मातीपर्यंत येतात.

आरंभ कापसापासूनच करावा लागेल. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि इंग्रजांची दृष्टी वऱ्हाड-वर्ध्याकडे वळली. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये स्थापन झाला. त्याची जमीनमहसुलाची आकारणी करणारे अधिकारी हॅरी रिव्हेट-कारनॅक हेच पुढे या प्रांताचे कॉटन कमिशनर झाले, हा योगायोग नव्हे. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला. ‘हिंगणघाट’ हे नाव तर कापसाच्या एका जातीला मिळून ते थेट लिव्हरपूलच्या बाजारात गेले. देवळी ही याच पट्ट्यातील कापसाची बाजारपेठ. येथून रुईचे गठ्ठे जात आणि धोतरजोड्या व लुगड्यांचे तागे परत येत. मधला नफा कुठे राहिला, हे दादाभाई नौरोजींच्या वाचकांना सांगावयास नको.

ज्या घरांत हे कापड येई, त्यांपैकी बहुतेकांत कपाट नव्हते. एखादी पेटी, एक वळणी, एवढाच संसार. लुगडे विरले की त्याचा धड भाग काढून तान्ह्याचे दुपटे होई. दुपटी विटली की ती थरावर थर रचून गोधडीत शिवली जात. गोधडीतून उरले ते पोतेरे आणि त्यातूनही उरले ते काकडा किंवा वात. ‘पुनर्वापर’ हा शब्द येण्यापूर्वीची ही रीत पुष्कळदा मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. कौतुक जरूर करावे; पण तिच्या मुळाशी टंचाई होती, हे विसरू नये.

शहरांत आणखी एक वाट होती. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारात बसे आणि जरीच्या काठापासून फाटक्या सदऱ्यापर्यंत प्रत्येक वस्त्राची घासाघीस होई. या व्यवहारात एक समता होती. दोन्ही बाजू किंमत करीत असत. दया कोणी कोणावर करीत नसे.

दानात ती समता नसते, आणि महाराष्ट्रात उतरलेल्या वस्त्राचा इतिहास जातीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे शूद्राला द्यावीत असे सांगितले आहे. चांडाळांची वस्त्रे तर मृतांच्या अंगावरचीच असावीत असेही त्यात आहे. ही केवळ पोथीतील गोष्ट नव्हती. प्रेतावरचे वस्त्र घेण्याचा ‘हक्क’ गावगाड्यात महारांच्या माथी मारलेला होता. नागपूर-वर्धा भागात तर विशेष विसंगती दिसते. येथील महार समाजातील अनेक कुटुंबे जाडेभरडे सुती कापड विणणारी होती. गावाला नवे कापड विणून देणाऱ्याच्या अंगावर गावाने उतरलेले कापड! गिरणीच्या कापडाने पुढे त्यांचे मागही बंद पाडले.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवून १९२१ कडे यावे. विदेशी कापडाची होळी महाराष्ट्राला तोवर नवी नव्हती. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात सावरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पेटवली होती. टिळक तेथे उपस्थित होते, आणि सावरकरांना महाविद्यालयाने दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले होते. १९२१ चे स्वरूप मात्र देशव्यापी होते. जुलैअखेर मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीने विदेशी कापडाच्या बहिष्काराचा ठराव केला. त्यातील एक तपशील सहसा निसटतो. जमवलेले कापड नष्ट करावे किंवा भारताबाहेर वापरासाठी पाठवावे, याची निवड मालकावर सोडली होती. बाहेर म्हणजे मुख्यतः स्मर्ना, जेथे ग्रीक-तुर्की युद्धाने होरपळलेले लोक होते. ३१ जुलैला, टिळकांच्या पहिल्या पुण्यतिथीच्या पूर्वसंध्येला, परळला उमर सोबानी यांच्या गिरणीच्या आवारात पहिली मोठी होळी झाली. ती गिरणीच्या आवारात झाली, हेही ध्यानात घ्यावे. विदेशी कापड जळाले की देशी गिरण्यांचा खप वाढणार होता, आणि टीकाकारांनी हे तेव्हाच बोलून दाखवले.

वर्धा या चळवळीत मागे राहणे शक्यच नव्हते. विनोबा त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आश्रम चालवण्यासाठी वर्ध्यास आले होते. कापसाच्या व्यापारातून श्रीमंत झालेल्या जमनालाल बजाज यांनी रायबहादुरी सरकारला परत केली. बजाजांच्या घरातील उंची विदेशी वस्त्रे गेली आणि जानकीदेवींनी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी रेशीम सोडून खादी स्वीकारली. त्या काळची खादी म्हणजे आजची मऊसूत खादी नव्हे. जाडजूड, अंगाला टोचणारी आणि भिजली की उचलवत नाही अशी ती असे. मारवाडी घरातील स्त्रीसाठी वस्त्र ही प्रतिष्ठेची आणि स्त्रीधनाचीही बाब असते, हे पाहता हा त्याग भाषणांतील त्यागाहून कितीतरी जड होता.

आता मुख्य वाद. गांधींचे जवळचे मित्र चार्ल्स अँड्र्यूज यांना होळीची कल्पना सहन झाली नाही. माणसांच्या हातांनी घडवलेले कापड जाळणे हा त्यांना हिंसेचाच प्रकार वाटला. ऑक्टोबरमध्ये रवींद्रनाथांनी लेख लिहून प्रश्न अधिक टोकदार केला. ज्यांच्याकडे नेसायला नाही त्यांच्या डोळ्यांसमोर कापड जाळण्याचा अधिकार कोणाला? ते कापड नैतिक दृष्ट्या गरजूंचे आहे. गांधींनी १३ ऑक्टोबरच्या ‘यंग इंडिया’त उत्तर दिले. त्याचा आशय असा: हे कपडे जाळताना आपण आपली लाज जाळतो, आणि उघड्या माणसाला काम हवे असताना त्याच्यापुढे आपले नको असलेले कपडे टाकणे हा त्याचा अपमान आहे.

उत्तर भेदक आहे. जे स्वतःला लाजिरवाणे वाटते, ते गरिबाला देणे हे दान कसे? चरख्यावर ज्याची भाकरी अवलंबून होती, त्याला लँकेशायरचे जुने धोतर देणे म्हणजे त्याच्याच बेकारीचा पुरावा त्याला नेसवणे. स्मर्नाचा अपवाद या तर्कात बसतो. पण हे उत्तर रवींद्रनाथांचा प्रश्न पूर्णपणे मिटवत नाही. काम उद्या मिळेल. थंडी आज वाजते.

ही अडचण स्वतः गांधींना ठाऊक होती. चंपारणमधील एक प्रसंग त्यांनी आत्मकथेत नोंदवला आहे. कपडे का धूत नाही, असे कस्तुरबांनी एका स्त्रीला विचारले. ती त्यांना झोपडीत घेऊन गेली आणि म्हणाली की येथे दुसरे कपडे ठेवलेली पेटी किंवा कपाट आहे का ते पाहा. अंगावरचे हे एकच लुगडे आहे. १९२१ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिणेच्या दौऱ्यात लोक गांधींना सांगू लागले की विदेशी कापड टाकतो, पण खादी घ्यायला पैसे नाहीत. २२ सप्टेंबरला मदुराईत त्यांनी सदरा-टोपी सोडून पंचा स्वीकारला. हा निर्णय साधेपणाचे प्रतीक म्हणून सांगितला जातो. खरे तर तो एका हिशेबाचे उत्तर होता. कपडे टाकायला सांगायचे, तर बदली कपडा किती कमीत चालेल, हे सांगणाऱ्याने आधी नेसून दाखवावे.

होळीचा हा तर्क पुढे एका अनपेक्षित ठिकाणी उगवला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली, तोच ग्रंथ ज्यात जीर्ण वस्त्रे कोणाला द्यावीत हे सांगितले होते. पुस्तक जाळून काय मिळाले, असे विचारणाऱ्यांना डॉ. आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारत’मधून विदेशी कापडाच्या होळीचाच दाखला दिला. महाडच्या त्याच परिषदेत त्यांनी स्त्रियांना उद्देशून पेहरावाविषयी बोलावे, हेही सुसंगत आहे. अंगावर काय असावे हे आपण ठरवणे, हा तेथे राजकीय हक्काचाच भाग होता.

मग चिंधीचे काय? तिला एक सन्मानाची वाट जुनीच होती. जुन्नर आणि दौलताबादजवळील कागजीपुऱ्याचे कारागीर चिंध्या, जुने दोर आणि गोणपाट कुजवून, कुटून त्यांचा लगदा करीत आणि हातकागद बनवीत. मराठेशाहीच्या दफ्तरांत असा कागद आहे. म्हणजे वर म्हटलेले थोडे दुरुस्त केले पाहिजे: सामान्यांचे कापड अगदीच नष्ट झालेले नाही, मोडी अक्षरांच्या खाली त्यातले काही अजून आहे. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांनी वर्ध्याच्या मगनवाडीत ज्या उद्योगांना पुन्हा उभे केले, त्यांत हातकागद होता. १९४० मध्ये पुण्यातही हातकागदाची संस्था उभी राहिली. येथे जुने कापड कोणाच्या अंगावर चढत नाही, म्हणून कोणाचा अपमानही होत नाही. ते कच्चा माल होते आणि त्यावर एका माणसाला काम मिळते. १९२१ च्या वादात दोन्ही पक्षांनी मागितलेल्या गोष्टी येथे निदान शेजारी तरी बसतात.

आज देवळीच्या परिसरात कापूस पिकतोच. पण दुकानातून येणारा शर्ट किंवा लेगिंग बहुधा कापूस, पॉलिएस्टर आणि कधी इलॅस्टेनच्या मिश्रणाचा असतो. त्याचे पोतेरे पाणी नीट टिपत नाही आणि काकडा पेटवला तर तो वितळून चिकटतो. गठ्ठ्यांतून असे कपडे पानिपतला पोहोचतात. तेथे ते रंगानुसार निवडून, पिंजून, आखूड तंतूंचे सूत व स्वस्त घोंगड्या होतात. एका धाग्यात कातलेले कापूस आणि पॉलिएस्टर मात्र यंत्राने पिंजूनही वेगळे होत नाहीत. मगनवाडीच्या कागदाच्या हौदात तो शर्ट टाकला, तर त्यातल्या कापसाचाच लगदा होईल. उरलेले धागे तसेच तरंगत राहतील.