टॅगवर टॅग

जयपूरच्या जोहरी बाजारातल्या एका पेढीला सीतापुऱ्यातला आपला कारखाना एकाच लॅनमध्ये हवा होता. हिशेबाला व्हीलॅन (आभासी लॅन) १०, डिझाइनला २०, अशी त्यांची मांडणी. एमआय रोडवरच्या दुसऱ्या ग्राहकाचेही १० आणि २०च. दोघांच्या तारा आमच्याच, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीच्या, स्विचवर येणार होत्या. क्रमांक बदला, असं ग्राहकाला सांगणं मला कधीच पटलं नाही. आपलं जाळं कसं मांडायचं, हा त्याचा अधिकार.

या पेचाचं मूळ १९९८ मधलं. त्या नोव्हेंबरात सरकारने इंटरनेट सेवा खासगी कंपन्यांना खुली केली आणि त्याच वर्षी आयईईईचं ८०२.१क्यू हे मानक निघालं. त्यातल्या चार बाइटांच्या टॅगमध्ये व्हीलॅनच्या क्रमांकाला फक्त १२ बिट मिळाले. एकूण ४०९६ क्रमांक. पहिला आणि शेवटचा राखीव, उरले ४०९४. एका कचेरीला ते उदंड होते, शहरभर सेवा देणाऱ्याला अपुरे.

म्हणून क्यू-इन-क्यू आलं. खड्यांची पुडी न उघडता तिच्यावर दुसरा कागद गुंडाळून आपला क्रमांक टाकावा, तसं. ग्राहकाचा टॅग आत जसाच्या तसा राहतो. आमचा बाहेरचा टॅग पलीकडच्या टोकाला उतरतो.

सिस्कोच्या कॅटलिस्ट ३५५० स्विचवर पोर्टला यासाठीचा टनेल मोड देणं दोन ओळींचं काम होतं. खरी काळजी पुढे. बाहेरच्या टॅगने फ्रेम चार बाइट वाढते, म्हणून एमटीयू, म्हणजे स्विच पुढे नेईल ती कमाल लांबी, १५०४ करावा लागे. वाटेतला एक जरी स्विच १५०० वर राहिला, तर पिंग सुरळीत चाले आणि मोठी फाइल मात्र अडकून पडे. त्याहून घातक नेटिव्ह व्हीलॅन, म्हणजे स्विच जोडणाऱ्या ट्रंकवर टॅगशिवाय जाणारा. आमच्या ट्रंकचा नेटिव्ह क्रमांक आणि ग्राहकाला दिलेला क्रमांक एकच निघाला, तर बाहेरचा टॅग लागतच नाही आणि एकाची फ्रेम भलत्याच्याच जाळ्यात शिरू शकते. म्हणून नेटिव्हलाही टॅग लावण्याची आज्ञा मी प्रत्येक नव्या मुलाकडून आधी लिहून घेत असे. दुसऱ्याचे हिशेब आपल्या तारेतून जातात, याची जाण त्याला पहिल्याच दिवशी हवी.

८०२.१एडी हे रीतसर मानक डिसेंबर २००५ मध्ये मंजूर झालं आणि बाहेरच्या टॅगला ८८ए८ हा स्वतंत्र इथरटाइप, म्हणजे टॅगच्या ओळखीचा आकडा, मिळाला. तोवर कुणी ८१०० वापरी, कुणी ९१००. दोन कंपन्यांचे स्विच जोडायचे म्हणजे पहिला प्रश्न हाच: तुमचा बाहेरचा टॅग कोणता?