देवळालीचे मास्तर आणि 72 लाख अंकांची मूळ संख्या

सारसोळ्यातून रेकॉर्ड करतोय, मागे रिक्षांचे हॉर्न आले तर सांभाळून घ्या. फोन हातात आहेच, कॅल्क्युलेटर उघडा.

23 घ्या. त्यात त्याच्याच अंकांची बेरीज मिळवा: 23 + 2 + 3 = 28. म्हणजे 28 चा जनक 23. 101 ला तर दोन जनक, 91 आणि 100. आता 53 चा शोधा. 44 पासून 52 होतो, 45 पासून 54. पुढेमागे कितीही चाळा, 53 काही मिळत नाही. अशा बिनजनकाच्या संख्या म्हणजे स्वयंभू संख्या. आणि 53 मूळ संख्याही आहे, म्हणजे गुणाकारातूनही कुणाचं देणं लागत नाही!

ही कल्पना 1949 मध्ये मांडली दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. हो, तेच 6174 वाले. जन्म 1905, डहाणू. फर्ग्युसनमध्ये असताना 1927 मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक, मग 1930 ते 1962 देवळालीत शाळामास्तर. विद्यापीठाची खुर्ची नाही, पुस्तिका स्वतःच छापायच्या. बऱ्याच गणितींना हा नुसता खेळ वाटायचा. केंब्रिजच्या हार्डींनी तर 1940 मध्येच लिहून ठेवलं होतं की अंकांची असली कोडी म्हणजे गंभीर गणित नव्हे. आक्षेप अगदीच पोकळ नाही. दशमान सोडून दुसरा पाया घेतला की स्वयंभूपण बदलतं. मूळपण बदलत नाही. पुढे 1974 मध्ये कोलंबियाच्या बर्नार्डो रेकमान यांनी हाच प्रश्न एका अमेरिकन मासिकात विचारला आणि 'कोलंबियन संख्या' असं नाव पडलं. देवळाली 25 वर्षं आधी होती, हे मला अजूनही खटकतं.

आता मोठी संख्या. 2 चा 2,40,36,583 वा घात, वजा 1. मे 2004 मध्ये सापडलेली मर्सेन मूळ संख्या, अंक 72,35,733. बायनरीत लिहिली तर नुसते 1 च 1. 2006 मध्ये ल्यूक पेबडी यांनी दाखवलं की ही दशमानात स्वयंभू आहे. तेव्हा माहीत असलेली सगळ्यात मोठी स्वयंभू मूळ संख्या हीच.

एवढी संख्या तपासायची कशी? इथे माझ्यातला कोडर जागा होतो. अंकांची बेरीज फार तर 9 गुणिले अंकांची संख्या, म्हणजे साधारण साडेसहा कोटी. जनक असलाच तर तेवढ्याच अंतरात मागे असणार. शिवाय 9 ने भागल्यावर त्याची बाकी काय येईल तेही ठरलेलं असतं, म्हणून नवातला एकच उमेदवार उरतो. राहिले जेमतेम 72 लाख, आणि त्या सगळ्यांचे फक्त शेवटचे थोडे अंक वेगळे. मूळ आहे का हे बघायला कॉम्प्युटरला दोन आठवडे लागले होते. हे त्यापुढे किरकोळ काम.

कापरेकर 1986 मध्ये गेले, तेव्हा माहीत असलेली सर्वात मोठी मूळ संख्या 65,050 अंकांची होती. 2024 मध्ये 4,10,24,320 अंकांची सापडली. तिच्यासाठी मागे साधारण 37 कोटींपर्यंत जावं लागेल. नवाची चाळणी लावली तर 4 कोटी. लॅपटॉप चार्जिंगला लावा आणि बघा.