कैदी की रुग्ण? दाराशी विचारलेल्या प्रश्नांचा इतिहास

१/६
मे १९३५. अमेरिकेतील केंटकी राज्यात, लेक्सिंग्टन येथे, अमली पदार्थांच्या व्यसनाधीनांसाठी एक सरकारी संस्था सुरू झाली. अर्धी तुरुंग, अर्धी रुग्णालय. शिक्षा झालेले कैदी आणि स्वेच्छेने आलेले रुग्ण तेथे एकत्र राहत. आत येणाऱ्याची पारख कशी करायची, हा पहिला प्रश्न होता.

२/६
संस्थेचे पहिले प्रमुख डॉ. लॉरेन्स कोल्ब यांनी १९२५ मध्येच व्यसनाधीनांचे स्वभावानुसार वर्गीकरण मांडले होते. माणूस मुळात कसा आहे, हे त्यात पाहिले जाई.

३/६
तेथील संशोधक डॉ. क्लिफ्टन हिमेल्सबाख यांनी लक्ष शरीराकडे वळवले. अफूजन्य पदार्थ बंद होताच येणाऱ्या जांभया, घाम, अंगावरचा काटा, उलट्या यांना त्यांनी गुण दिले. यातना मोजता आल्या. आयुष्य मात्र निसटले.

४/६
१९८० मध्ये टॉमस मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी ‘व्यसन-तीव्रता निर्देशांक’ प्रसिद्ध केला. मुलाखतीत प्रकृती, रोजगार, मद्य व अमली पदार्थ, कायदेशीर अडचणी, कुटुंब आणि मानसिक स्थिती अशा अंगांची स्वतंत्र चौकशी होई.

५/६
१९८९ मध्ये मायामीत अमेरिकेतील पहिले अमली पदार्थ न्यायालय सुरू झाले. आरोपीला न्यायालयाच्या देखरेखीखाली उपचार मिळू लागले. पण खरे सांगावे तर शिक्षेची भीती, लपवावे तर चुकीचा उपचार.

६/६
उपचारांच्या नोंदींना १९७२ च्या कायद्याने गोपनीयता दिली होती. तरी न्यायालयाने धाडलेल्या व्यक्तीकडून बहुधा माहिती कळवण्याची संमती घेतली जाते. म्हणून प्रश्नावली कितीही नेमकी असो, उत्तर कोणाच्या हाती पडणार, यावरच त्यातील सत्य अवलंबून राहते.