साचा, रंग आणि स्मृती : खेळण्यातील पुतळ्यांच्या रूपांतराचा इतिहास

मुलांची खेळणी ही मोडण्यासाठीच असतात अशी सामान्य समजूत आहे. त्यामुळे इतिहासाच्या साधनांत त्यांची गणना क्वचितच होते. तथापि गेल्या साठ वर्षांत कारखान्यात घडलेल्या पुतळ्यांची जी परंपरा निर्माण झाली, तिच्या बाबतीत ही उपेक्षा योग्य ठरणार नाही. १९८० व १९९०च्या दशकांत ज्यांचे बालपण गेले ती पिढी आता प्रौढ झाली असून, त्या वेळचे प्लास्टिकचे पुतळे शोधून काढणे, ते सुटे करणे, एकाचे शिर दुसऱ्याच्या धडावर बसविणे आणि त्यांस नवे रंग देणे हा तिच्यातील अनेकांचा व्यासंग झाला आहे. संग्राहकांच्या परिभाषेत यास ‘कस्टमायझिंग’ म्हणतात. येथे त्यासाठी ‘रूपांतर’ हा शब्द योजला आहे. या रूपांतराने स्मृती जपली जाते की पुरावा नष्ट होतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय. त्याच्या उत्तरासाठी ‘जी. आय. जो’ या अमेरिकन सैनिकपुतळ्याचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. कारण त्याचा प्रवास ऱ्होड आयलंडपासून गोव्यापर्यंत झालेला आहे, आणि व्हिडिओ गेमशीही त्याचा निकटचा संबंध आहे.

प्रथम नावाचा विचार करणे इष्ट होईल. मॅटेल कंपनीची बार्बी बाहुली १९५९ मध्ये बाजारात आली, आणि तिच्या यशानंतर हॅसब्रो कंपनीने १९६४ मध्ये मुलग्यांसाठी सुमारे साडेअकरा इंच उंचीचा, सांधे हलणारा, कपडे बदलता येणारा सैनिक विक्रीस आणला. वस्तुतः ही बाहुलीच होती. परंतु इंग्रजीतील ‘डॉल’ हा शब्द मुलींच्या खेळाशी इतका निगडित होता की, मुलगे व त्यांचे वडील त्या नावाची वस्तू घेणार नाहीत अशी भीती उत्पादकांस वाटली. म्हणून ‘अ‍ॅक्शन फिगर’ ही नवी संज्ञा प्रचारात आणली गेली. मराठीत ही अडचण तितकी तीव्र नव्हती. आपल्याकडे बाहुलीबरोबर बाहुलाही आहे, आणि भातुकलीच्या खेळात त्या दोघांचे लग्न लावण्याची रीत जुनीच आहे. शिवाय दिवाळीच्या किल्ल्यावर मुले जे मातीचे मावळे मांडतात त्यांस पुष्कळ ठिकाणी ‘चित्रे’च म्हणतात, म्हणजे मुलग्यांच्या खेळातील मानवाकृतीस बाहुलीहून वेगळा शब्द मराठीने आपोआप दिलेला आहे.

नावाचा हा प्रश्न पुढे अमेरिकेतील न्यायालयांपर्यंत गेला. आयात होणाऱ्या बाहुल्यांवर इतर खेळण्यांपेक्षा अधिक जकात असे. हॅसब्रोने आपले पुतळे बाहुल्या नव्हेत असे प्रतिपादन केले; पण १९८९ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ते बाहुल्याच होत असा निर्णय कायम केला. ज्या कंपनीने हा शब्द कटाक्षाने टाळला होता, तिच्यावरच तो कायद्याने लादला गेला. पुढे २००३ मध्ये दुसऱ्या एका कंपनीच्या ‘एक्स-मेन’ पुतळ्यांविषयी उलट निर्णय लागला. बाहुली मनुष्याची असावी लागते, आणि हे पुतळे सर्वस्वी मनुष्याचे नाहीत, म्हणून त्यांवर १२ टक्क्यांऐवजी ६.८ टक्के जकात लागू झाली. संज्ञा ही निव्वळ विद्वानांची बाब नसून तिच्यावर व्यवहार कसा अवलंबून असतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मोठ्या आकाराचा हा सैनिक १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मागे पडला. १९७८ मध्ये केनर कंपनीने ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातील पात्रांचे पावणेचार इंची पुतळे विक्रीस आणले, आणि हाच आकार लोकप्रिय झाला. १९८२ मध्ये जी. आय. जो याच आकारात पुन्हा अवतरला. या नव्या पुतळ्याची रचना लक्षात घेतल्यावाचून रूपांतराचा इतिहास कळणार नाही. पुतळ्याच्या पाठीत एक बारीक स्क्रू असे. तो काढला की धडाचे दोन अर्ध उघडत. शिर व हात सुटे होत. कमरेचा भाग व पाय हे आतील एका रबरी कड्याच्या ताणाने धडास जोडलेले असत. कारखान्याच्या सोयीसाठी केलेली ही योजना अर्थातच मुलांच्याही ध्यानी आली. घरातील लहानसा पेचकस हाती घेतला की एकाचे हात दुसऱ्यास लावणे ही काही मिनिटांची गोष्ट झाली. वीस-तीस वर्षांनी ते रबरी कडे सुकून तुटते आणि पाय गळून पडतात. त्यामुळे जुना पुतळा हाती आलेल्या प्रौढास तो दुरुस्तीसाठी का होईना, उघडावाच लागतो. रूपांतराची पहिली पायरी अशा रीतीने वस्तूच्या घडणीतच होती.

दुसरी पायरी रंगाची. पोलादी साचा हा अत्यंत खर्चाचा असतो; त्या मानाने त्यात ओतावयाच्या प्लास्टिकचा रंग बदलणे स्वस्त पडते. १९८२च्या पहिल्या संचात एका पुतळ्यावर रंगकाम न करता तो नुसत्या काळ्या प्लास्टिकचा ठेवून खर्च वाचविण्यात आला. हाच ‘स्नेक आइज’ होय. चेहरा नाही, म्हणून त्याच्याभोवती गूढाचे वलय निर्माण झाले. लॅरी हामा यांनी लिहिलेल्या परिचयपत्रिकेत त्याचे खरे नाव गुप्त ठेवले गेले, आणि सर्व संचात तोच अधिक प्रिय ठरला. काटकसरीतून उद्भवलेल्या रिक्ततेत मुलांच्या कल्पनेस वाव मिळाला, असे यावरून म्हणता येईल. १९८७ मध्ये कंपनीने टपालाने मागविण्याचा ‘स्टील ब्रिगेड’ नावाचा पुतळा काढला. त्याचाही चेहरा शिरस्त्राणाने झाकलेला होता, आणि सोबतच्या पत्रिकेवर मागविणाऱ्या मुलाचे स्वतःचे नाव छापून येत असे. येथे पुतळा सर्वांस एकच. रूपांतर झाले ते केवळ मजकुराचे.

याच काळात मुलांच्या खेळाचे दुसरे क्षेत्र टीव्हीच्या पडद्यावर उभे राहत होते. त्यातही काटकसरीचा तोच नियम दिसतो. निन्टेन्डोच्या १९८३च्या फॅमिकॉम यंत्रात हलत्या आकृतीच्या एका तुकड्यास तीनच रंग मिळत, आणि तुकडा आठ ठिपके रुंदीचा असे. एवढ्या सामग्रीत माणूस उभा करावयाचा म्हणजे सूचनेवरच भिस्त ठेवणे प्राप्त होते. १९८१च्या ‘डाँकी काँग’मधील मारिओस मिशी व टोपी मिळाली, ती तोंड व केस रेखाटण्यास जागा नव्हती म्हणून. १९८३च्या ‘मारिओ ब्रदर्स’ या खेळात त्याचा भाऊ लुइजी हा आकृतीने तोच, केवळ रंगाने निराळा होता. १९८८ मध्ये घरगुती यंत्रावर आलेल्या ‘काँट्रा’मध्ये एका सैनिकाची विजार निळी व दुसऱ्याची तांबडी. १९९०च्या दशकात महाराष्ट्रातील शहरांतून फॅमिकॉमच्या स्वस्त नकला व अनेक खेळ भरलेल्या ‘कॅसेटी’ पसरल्या, तेव्हा हा खेळ घरोघरी पोचला. त्या सैनिकांस बिल व लान्स अशी नावे आहेत हे फारच थोड्या मुलांस ठाऊक असावे. निळा व तांबडा एवढे त्यांस पुरेसे होते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकास ही व्यवस्था परिचित वाटेल. ‘काळ’ आणि ‘गाळ’ या शब्दांत आद्य व्यंजनाच्या घोषत्वाचा एवढाच भेद आहे. परंतु तेवढ्याने अर्थ संपूर्ण बदलतो. न्यूनतम भेदावर अधिकात अधिक अर्थ तोलून धरण्याची ही रीत साच्यातील पुतळ्यांस व पडद्यावरील आकृतींस सारखीच लागू पडते. १९९२च्या ‘मॉर्टल काँबॅट’मध्ये एकाच नटाच्या एकाच वेशातील छायाचित्रांचा रंग पालटून पिवळा स्कॉर्पियन व निळा सब-झीरो असे दोन वैरी निर्माण केले गेले. १९९३ मध्ये तर दोन्ही प्रवाह एकत्र आले. कॅपकॉम कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर’ या व्हिडिओ गेममधील योद्धे हॅसब्रोने जी. आय. जोच्या मालिकेत पुतळ्यांच्या रूपाने काढले, आणि त्यांतील अनेकांसाठी आधीच्या साच्यांतील अवयवच उपयोगात आणले. मुले घरी पेचकसाने जे करीत होती, ते कारखान्याने अधिकृतपणे केले.

साच्यांचा प्रवास अमेरिकेबाहेरही झाला. ब्राझीलमध्ये एस्त्रेला कंपनीने हे पुतळे काढले. भारतात ते काम एम. आर. एफ. व हॅसब्रो यांच्या सहकार्याने १९८०च्या दशकात स्थापन झालेल्या फनस्कूल कंपनीने केले. तिचा कारखाना गोव्यात आहे. येथे घडलेल्या पुतळ्यांचा आकार अमेरिकन साच्याचा असला तरी रंग पुष्कळदा निराळे होते, आणि एकाच पुतळ्याच्या निरनिराळ्या खेपांतही रंगांचे फरक आढळतात. अमेरिकन मालिका १९९४ मध्ये थांबल्यावरही भारतीय उत्पादन काही काळ चालू राहिले. परदेशी संग्राहक या भारतीय प्रती आवर्जून मिळवितात, त्या याच भेदांमुळे.

परंतु याच ठिकाणी प्रश्न गंभीर होतो. मुंबई-पुण्यात वाढलेला एखादा प्रौढ आपला जुना पुतळा हाती घेतो. कोपर व गुडघ्याच्या सांध्यांवरील रंग घासून गेलेला, अंगठा मोडलेला, रबरी कडे तुटलेले. तो गरम पाण्यात शिर मऊ करून काढतो, मोडलेला भाग इपॉक्सी लुकणाने भरतो, आणि रंग देण्यासाठी आधार म्हणून अमेरिकन सूचीपत्रातील चित्र समोर ठेवतो. मूळ रूप परत आणले, अशी त्याची प्रामाणिक श्रद्धा असते. पण ते रूप त्याच्या हाती कधी नव्हतेच. त्याच्या हाती होता तो गोव्याच्या कारखान्यातील वेगळ्या रंगाचा पुतळा. फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखविले की, आठवण म्हणजे साठविलेल्या प्रतीचे वाचन नसून ती प्रत्येक वेळी नव्याने केलेली रचना असते, आणि तीत पुढे मिळालेली माहिती मिसळून जाते. तीन रंगांच्या व मूठभर ठिपक्यांच्या आकृतीत ज्यांनी चेहरे पाहिले, त्यांच्या आठवणीत ही भर विशेष सहजतेने पडते. पुतळा पुन्हा रंगविला की ती भर आठवणीपुरती न राहता वस्तूवर उतरते, आणि तिच्याखालचा पुरावा पुसला जातो.

मराठी विद्यार्थ्यास या प्रश्नाची तुलना परकी वाटू नये. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत पुढे कोणी स्वतःच्या ओव्या घालू नयेत असे बजावले. तीन शतकांत लेखकांनी, बहुधा भक्तीपोटीच, भर घातली होती. ग्रंथाच्या संपादनात जे पाठभेदांचे महत्त्व, तेच येथे रंगभिन्नतेचे. गोव्याचा पुतळा हा अमेरिकन पुतळ्याची चुकलेली नक्कल नव्हे. तो त्या साच्याचा एक स्वतंत्र पाठ आहे. कोणता रंग उपलब्ध होता, कोणत्या अवयवांचे साचे येथे आले, काटकसर कोठे केली गेली, याची साक्ष त्याच्या प्लास्टिकमध्येच आहे. ‘मूळ’ प्रतीशी जुळवून घेण्यासाठी तो रंगविणे म्हणजे एका पोथीतील पाठ खोडून दुसरीतील लिहिणे होय.

यावरून रूपांतराचा व्यासंगच त्याज्य ठरतो असे नाही. मुलांनी पेचकसाने केलेली अवयवांची अदलाबदल हा खेळाचाच भाग होता, आणि तशी अदलाबदल झालेला जुना पुतळा हा त्या खेळाचा प्रत्यक्ष पुरावा आहे. तो ‘दुरुस्त’ करून पेटीवरील चित्राप्रमाणे करणे हीही एक हानीच होय. भेद करावयाचा तो नव्याने रचलेली कृती आणि जीर्णोद्धार यांत. पुष्कळशा एकसारख्या प्रती उपलब्ध असलेला पुतळा घेऊन त्यातून नवे पात्र उभे करणारा आपल्या कृतीवर आपला हक्क उघडपणे सांगतो. त्याने काही लपविलेले नसते. जीर्णोद्धार करणारा मात्र आपली रचना भूतकाळाच्या नावे खपवितो. म्हणून रंग चढविण्यापूर्वी पुतळ्याची छायाचित्रे घेणे, प्लास्टिकचा मूळ रंग व पाठीवरील निर्मितिस्थानाचा छाप नोंदविणे, काढलेले अवयव टाकून न देणे, आणि विरळ भारतीय प्रतींस हात न लावणे, एवढी शिस्त पाळली गेली तरी पुष्कळ साधेल. त्या पिढीकडे खेळण्याच्या पेट्या अद्याप शिल्लक आहेत, आणि त्यांविषयी बोलू शकणारी माणसेही आहेत. दोन्हींची नोंद एकत्र करण्याचे काम आजच हाती घेता येण्यासारखे आहे.