घर बांधणारे हात आणि त्यांचा धनी



शिरूर आणि दौंड हे आपले दोन्ही तालुके नदीकाठचे, पण पाऊस बेताचा. म्हणून इथलं जुनं घर म्हणजे मातीच्या जाड भिंती आणि वर धाबं. असं घर कोणी बांधलं म्हणून विचारा, लोक मालकाचं नाव सांगतील. ज्यांनी भिंत उचलली, त्यांना त्या कामाबद्दल आणि काम देणाऱ्या धन्याबद्दल काय वाटत होतं? त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही. पण माणूस कामावर टिकतो केव्हा आणि काम टाकून उठतो केव्हा, यावरून त्याचं मन कळतं.

आधी गावगाड्यातलं पाहू. सुतार, लोहार, कुंभार हे बलुतेदार. शेतकऱ्याची अवजारं नीट ठेवायची आणि सुगीला खळ्यावरून आपलं बलुतं न्यायचं, असा रिवाज. नवं घर बांधायचं, तर त्याचा मोबदला निराळा ठरे. गंमत बघा, बारा बलुतेदारांत गवंड्याला जागाच नव्हती! त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात हा सारा व्यवहार मांडून ठेवला आहे. या पद्धतीत एक सोय होती. धनी ओळखीचा असे. बलुतं बुडालं तर चावडीवर जाब विचारता येई. पण काच मोठा होता. काम जातीनं ठरलेलं, नको म्हणायची मुभा नाही. महारांच्या वाट्याला तर कष्ट फार आणि मान नाही. त्यांची वतनं कायद्यानं संपली ती १९५९ साली.

आता आगगाडीकडे वळू. डिसेंबर १८५८ मध्ये पुण्याहून दौंडवरून डिकसळपर्यंत गाडी सुरू झाली. पण मुंबईकडचा बोरघाट अजून फुटायचा होता. तिथं हजारो मजूर सुरुंग लावीत, दगड वाहत. काम कंपनीचं, पण मजूर ठेवी फॅव्हिएल नावाचा कंत्राटदार, आणि त्याच्या हाताखाली आणखी लहान ठेकेदार. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला. तक्रार एकच, मजुरी वेळेवर आणि पुरी मिळत नाही. त्याच वर्षी फॅव्हिएलनं कंत्राट सोडलं. पुढं १८६० साली सरकारनं कायदा केला, की रेल्वेच्या आणि सरकारी बांधकामांवरचे मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटनं झटपट तोडावेत. मात्र करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षाही त्याच कायद्यात होती. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं घेतलं!

या दोन काळांत फरक काय, तो ध्यानात घ्या. गावात धनी समोर होता, पण सुटका नव्हती. घाटात काम सोडून जाता येई, निदान कायदा होईपर्यंत; पण खरा धनी कुठं बसला आहे, तेच दिसत नव्हतं.

आज रांजणगाव आणि कुरकुंभ इथं औद्योगिक वसाहती आहेत आणि आसपास इमारती उठताहेत. घरं विकते कंपनी. तिचा ठेकेदार, त्याचा मुकादम, आणि मुकादमाच्या हाताखाली गवंडी नि बिगारी. मजुराला विचारलं, काम कोणाचं? तर पुष्कळदा तो मुकादमाचं नाव सांगतो. त्यात त्याची चूक नाही. उचल मुकादमानं दिलेली, आठवड्याचा हिशेबही त्याच्याच हातून. मुकादम भला, तर काम भलं. मुकादम पळाला, तर मजुरी गेली.

इथं कायदा उपयोगी पडतो. बांधकामाला किमान वेतन लागू झालं १९४८ च्या कायद्यानं. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर मूळ मालकानं ती भरावी, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यानं सांगितलं. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. वय १८ ते ६०, आणि वर्षात ९० दिवस बांधकामावर काम, एवढं असलं की नोंदणी होते. कल्याणनिधीसाठी बांधकामाच्या खर्चावर उपकर बसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे नव्या श्रमसंहितांत सामावले आहेत. ही तत्त्वं तिथंही कायम आहेत.

पण नव्वद दिवस भरले, हे दाखवायचं कशानं? मजूर साइट बदलतो, मुकादम बदलतो, हजेरीची वही मुकादमाकडेच राहते. तेव्हा गुरुजी, तुमच्या वर्गात ज्या मुलाचे आईवडील बांधकामावर आहेत, त्याला एक साधी वही घालायला शिकवा. तारीख, जागा, कंपनीचं नाव, ठेकेदाराचं नाव, मिळालेली मजुरी. रोज एक ओळ. घाटातल्या मजुरांजवळ अशी वही नव्हती, म्हणून त्यांना हातात दगड घ्यावा लागला. आपल्या घरच्या माणसाला तशी पाळी येऊ नये.